डीएनए रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे फ्युजन नाहीच? त्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: जीन फ्युजन (दोन जीन तुटून एकमेकांना जोडले जाणं) ही ब्लड कॅन्सरची भानगड, गाठीच्या कॅन्सरमध्ये ती शोधणं म्हणजे पैसे उडवणं, आणि डीएनए टेस्ट निगेटिव्ह आली की विषय संपला, पॉझिटिव्ह आली तर गोळी घ्या आणि बरे व्हा. एकेक घेऊया.

ब्लड कॅन्सरचीच भानगड? तिथे आधी सापडलं हे खरंय, कारण रक्तातल्या पेशींचे क्रोमोसोम मायक्रोस्कोपखाली बघणं तुलनेने सोपं, गाठीतल्या पेशींचं तसं नाही. पण गाठीतही फ्युजन असतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं ईएमएल४-एएलके फ्युजनच बघा, दोन्ही जीन एकाच क्रोमोसोमवर, मधला तुकडा उलटा होऊन जोडला गेलेला, २००७ मध्ये सापडलं. प्रोस्टेटमधलं त्याच्याही आधी, २००५ ला.

पैसे उडवणं? इथे थोडं तथ्य आहे. प्रत्येक फ्युजनवर औषध नाही, त्या प्रोस्टेटवाल्यावर आजही नेमकं त्याच्यावरचं मंजूर औषध नाही. पण फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कॅन्सरमध्ये एएलके साधारण ३ ते ५ टक्के पेशंटमध्ये असतं आणि त्यावर चांगल्या गोळ्या आहेत. एनटीआरके नावाच्या जीनचं फ्युजन नेहमीच्या कॅन्सरमध्ये १ टक्क्याहून कमी, म्हणून लोक नाक मुरडतात, पण लहान बाळांच्या फायब्रोसार्कोमात (मऊ भागातला एक कॅन्सर) तेच बहुतेकांमध्ये सापडतं. त्यावरच्या लॅरोट्रेक्टिनिबला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मंजुरी दिली ती कॅन्सर कुठल्या अवयवात आहे हे न बघता, फ्युजन बघून.

आता सगळ्यात घातक वाक्य, डीएनए निगेटिव्ह म्हणजे संपलं. अहो, जीन तुटतात ते बहुतेक वेळा इंट्रॉनमध्ये (जीनमधला, प्रोटीन बनवण्याच्या कामात न येणारा भाग), आणि काही इंट्रॉन हजारो अक्षरांचे, त्यात तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येणारे, त्यामुळे पॅनेल (ठरावीक जीन वाचणारी डीएनए टेस्ट) ते सगळे वाचतच नाही, एनटीआरके३ मध्ये तर ही अडचण ठरलेलीच. आरएनएमध्ये, म्हणजे पेशीने जीनवरून काढलेल्या कामाच्या प्रतीत, इंट्रॉन आधीच कापून टाकलेले असतात, दोन जीनचा सांधा सरळ दिसतो आणि ते फ्युजन पेशीत खरंच वापरात आहे का हेही कळतं. म्हणून फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये डीएनएत काहीच ड्रायव्हर (कॅन्सर चालवणारा बदल) सापडला नाही तर आरएनए सिक्वेन्सिंगबद्दल (आरएनएची अक्षरं वाचणारी टेस्ट) डॉक्टरांना विचारायलाच हवं. केआरएएस जीनमधल्या बदलासारखा ड्रायव्हर आधीच सापडला असेल तर मात्र फ्युजन मिळायची शक्यता फार कमी.

आरएनए पण नाजूक हां, फॉर्मलिनमधल्या जुन्या ब्लॉकमध्ये (गाठीचा जपून ठेवलेला तुकडा) त्याचे तुकडे होतात. रिपोर्टमध्ये क्वालिटी फेल असेल तर तो निगेटिव्ह नाही, ती टेस्ट झालीच नाही असं धरा. रक्तावरून केलेल्या टेस्टचंही तसंच, गाठीचा डीएनए रक्तात पुरेसा उतरलाच नसेल तर सापडणार काय!

आणि गोळी घेतली की बरे? गाठ भराभर आटते, पुष्कळदा वर्षानुवर्षं आटोक्यात राहते, पण पसरलेला कॅन्सर बहुतेकदा रेझिस्टन्स काढतोच, म्हणजे गोळीला दाद देईनासा होतो. एएलकेमध्ये जी१२०२आर नावाचं म्युटेशन आलं की आधीच्या बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, लॉरलॅटिनिब बऱ्याचदा चालते, पण ते म्युटेशन आलंय हे कळायला पुन्हा सिक्वेन्सिंगच करावं लागतं.