गणिताला अजिबात बधू नका

संभाव्यतेच्या गणिताने भल्याभल्या आत्मविश्वासू माणसांचं नुकसान केलंय, तेव्हा सावध राहा.

समजा, समोर तीन बंद दारं आहेत. एकामागे मोटार, दोहोंमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडलंत. मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी शेळीचंच एक दार उघडतो आणि विचारतो, ‘बदलायचंय?’ मुळीच बदलू नका. दोन दारं उरली म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी, हे शेंबडं पोरही सांगेल! १९९० साली मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी अमेरिकेतल्या ‘परेड’मधल्या आपल्या सदरात लिहिलं की बदला, जिंकण्याची शक्यता दुप्पट होते. त्यावर सुमारे १० हजार पत्रं आली. त्यांतली हजाराच्या आसपास पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांनी बाईंनाच चूक ठरवलं. आता बाई बरोबर निघाल्या, ते सोडा. पहिली निवड चुकण्याची शक्यता दोन तृतीयांश, आणि ती चुकली असेल तर मोटार उरलेल्या दारामागेच असणार. हिशेब एवढाच आहे, पण तो ऐकून घ्यायची सक्ती थोडीच आहे? पॉल एर्डोशसारख्या गणितीलाही तो सहजासहजी पटला नव्हता. तुम्ही तर डॉक्टरेटसुद्धा न करता अडून बसू शकता.

जुगारात मात्र थोडी माणुसकी दाखवा. १८ ऑगस्ट १९१३ला माँटे कार्लोच्या कसिनोत रुलेटवर, म्हणजे चेंडू लाल घरात थांबतो की काळ्या यावर पैसे लावायच्या फिरत्या चाकावर, लागोपाठ २६ वेळा काळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक लालवर पैसे ओतत राहिले. चेंडूलाही शेवटी लाज असते, यावर विश्वास ठेवा.

हजारात एकाला होणारा आजार, ९९ टक्के अचूक चाचणी, आणि तुमचा अहवाल पॉझिटिव्ह? मृत्युपत्र करायला घ्या. कुणीतरी शहाणा कागद ओढून सांगेल: लाख लोकांत आजारी १००, त्यांतले ९९ सापडतील, पण ९९,९०० धडधाकटांपैकीही ९९९ जणांवर खोटा ठपका बसेल, म्हणजे तुम्ही खरंच आजारी असण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के. पुन्हा तपासून घ्या, असंही तो म्हणेल. अशा माणसाला मृत्युपत्रातून वगळा.

आणि २३ जणांच्या खोलीत कुणी पैज मारली की इथे दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आहे, तर बिनधास्त विरोधात लावा. वर्षाचे दिवस ३६५, माणसं फक्त २३! जोड्या २५३ होतात, पण त्या मोजायला वेळ कुणाला आहे? हरलात तर ‘योगायोग’ म्हणा आणि ७० माणसांचं सभागृह गाठून दुप्पट रक्कम लावा.