तिसऱ्या भागाने प्रेक्षकाचे समाधान होऊ नये म्हणून

हेरकथांची चित्रत्रयी काढण्याचा आपला संकल्प असेल, तर पहिल्या दोन भागांची फारशी चिंता करू नये. ते कसेही निभावून जातात. खरा धोका तिसऱ्या भागात असतो. तो चुकून चांगला उतरला, तर प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातो, आणि तृप्त झालेला प्रेक्षक चौथ्या भागाचे तिकीट कशासाठी काढील? ही आपत्ती नेमकी कशी ओढवते हे समजून घेण्यासाठी बोर्न चित्रत्रयीतला तिसरा भाग म्हणून २००७ साली आलेल्या ‘द बोर्न अल्टिमेटम’चा बारकाईने अभ्यास करावा आणि त्यात जे जे केले आहे ते ते कटाक्षाने टाळावे.

२००२ मधल्या पहिल्या चित्रपटात मासेमारी करणारी एक बोट भूमध्य समुद्रात तरंगणाऱ्या, पाठीत गोळ्या लागलेल्या माणसाला वर काढते. आपण कोण, हे त्याला आठवत नाही. हाच आपला नायक, जेसन बोर्न. पुढे पाच वर्षांनी दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास यांनी काय करावे? त्याच प्रश्नाचे उत्तर दिले! व्यवहार जाणणाऱ्या निर्मात्याने तिसऱ्या भागात जुना प्रश्न गुंडाळून ठेवून एखादा अणुबाँब तरी आणला असता. रॉबर्ट लडलम यांच्या १९९० च्या मूळ कादंबरीत कार्लोस द जॅकल या कुख्यात दहशतवाद्यासारखा तयार खलनायक हात जोडून उभा होता. त्यालाही चित्रपटात घेतले नाही. त्याऐवजी न्यूयॉर्कमधल्या कार्यालयात पडद्यांसमोर बसून परदेशातल्या माणसांना ठार मारण्याचे हुकूम सोडणारा, सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा नोआ वॉसन नावाचा अधिकारी दिला. त्यावर कडी म्हणजे, नायकाला कोणी फूस लावून मारेकरी केले नव्हते, तो स्वतःच स्वेच्छेने या कामात आला होता, असे शेवटी निघते. असले उत्तर प्रेक्षकाला पटते आणि बोचतेही, म्हणून ते वर्ज्य समजावे. आपला नायक धुतल्या तांदळासारखा ठेवावा. दोष सगळा खात्याचा.

कालक्रमाशी खेळ तर मुळीच करू नये. २००४ च्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस बोर्न न्यूयॉर्कमध्ये पॅमेला लँडी या सीआयएच्या अधिकारी बाईला फोन करतो, ती त्याला त्याचे खरे नाव आणि जन्मतारीख सांगते, आणि ती दमलेली दिसते असे म्हणून तो गर्दीत नाहीसा होतो. प्रेक्षकाने हा प्रसंग निरोपाचा म्हणून मनात जपून ठेवला होता. तिसऱ्या भागात लंडन, माद्रिद, मोरोक्कोतले टँजियर अशी धावपळ करून कथा न्यूयॉर्कला येते आणि तोच फोन, तेच संवाद पुन्हा ऐकू येतात. मात्र आता कळते की ती तारीख नव्हतीच, अमेरिकी पद्धतीने १५ एप्रिल १९७१ वाटणारा ४-१५-७१ हा पूर्व ७१ व्या रस्त्यावरील ४१५ क्रमांकाच्या इमारतीचा पत्ता होता. तीन वर्षांपूर्वी पाहिलेला प्रसंग असा नव्या अर्थाने उलगडला की चित्रपटगृहात माणसे अंधारातच एकमेकांकडे पाहू लागतात. आपल्या पटकथाकाराला दुसऱ्या भागातले काही आठवत असल्यास त्याला वेळीच बदलावे.

मेलेल्या नायिकेचेही तसेच. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला बोर्न आणि त्याची प्रेयसी मारी गोव्यात लपून राहत असतात आणि तिथेच तिला गोळी लागते. (आपल्याकडचा नायक गोव्याला गेला तर निदान एक गाणे तरी म्हणून परततो.) रीतीप्रमाणे तिसऱ्या भागात दुसरी नायिका यायला हवी होती. इथे मात्र तो आधी पॅरिसला जाऊन मारीच्या भावाला तिच्या मृत्यूची बातमी सांगतो, आणि सीआयएतल्या निकी पार्सन्सशी जवळीक होण्याची सगळी सोय असताना तिला टँजियरहून बसमध्ये बसवून देतो. एवढा संयम व्यवसायाला परवडत नाही.

हाणामारीबद्दल काय बोलावे! टँजियरच्या अरुंद घरात दोन मारेकरी पुस्तक आणि टॉवेल हाताशी घेऊन झुंजतात आणि पार्श्वसंगीत गप्प बसते. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातला पाठलाग खऱ्या प्रवाशांच्या गर्दीत चित्रित केलेला. अशा हलगर्जीपणाची शिक्षा म्हणून या चित्रपटाला संकलन, ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन अशी तिन्ही ऑस्कर नामांकने मिळाली आणि तिन्ही पारितोषिकेही. शिवाय कमाई आधीच्या दोन्ही भागांपेक्षा अधिक झाली, हे आपल्या गुंतवणूकदारांच्या कानावर जाऊ देऊ नये.

शेवटी बोर्न इमारतीच्या गच्चीवरून ईस्ट नदीत उडी घेतो, पाण्यात निश्चल तरंगतो, आणि जिथून कथा सुरू झाली तिथेच ती मिटते. प्रेत सापडले नाही ही बातमी ऐकून निकी किंचित हसते, तो पोहू लागतो, आणि त्रयीचे ओळखीचे गाणे सुरू होते. इतके झाल्यावर पुढे काढण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पण व्यवसायाने हिंमत सोडली नाही, आणि अनुकरण करायचे असेल ते याचे करावे. २०१२ मध्ये बोर्नशिवायच बोर्नचा चित्रपट आला. २०१६ मध्ये बोर्न साकारणारा मॅट डेमन आणि ग्रीनग्रास दोघेही परतले, निकीला अथेन्समध्ये मारण्यात आले, लास व्हेगासच्या रस्त्यावर चिलखती गाडीने मोटारी उडवल्या, आणि नायकाला आता सगळे आठवत असल्यामुळे त्याच्या वडिलांचे रहस्य नव्याने शोधून काढावे लागले. आपण याच्याही पुढे जाऊ शकतो. वडील संपले तरी घाबरू नये. काका आहेत, मामा आहेत, आणि सख्खे संपल्यावर चुलत आहेतच.