स्वस्त कंपनीत नंबर नेण्याची शास्त्रोक्त पद्धत

आपला मोबाइल व्यवस्थित चालू असेल, घरातल्या प्रत्येक खोलीत रेंज येत असेल आणि समोरच्याचे बोलणे एका दमात ऐकू येत असेल, तर कंपनी बदलण्यास आपण सर्वथैव पात्र आहात. ज्याच्या फोनला अडचण आहे त्याने कंपनी बदलावी, यात विशेष ते काय? गरज पडल्यावर काटकसर कोणीही करतो. गरज नसताना ती करून दाखवणे ही साधना आहे. इंदुरात रामबागेपासून राजेंद्र नगरापर्यंतच्या मराठी घरांनी ही साधना ज्या निष्ठेने चालवली आहे ती पाहता, तिचे नियम एकदा लिहून ठेवणे आवश्यक वाटले. नवशिक्यांची त्यामुळे सोय होईल.

सर्वप्रथम संताप हवा. तो नसेल तर जुलै 2024 ची आठवण काढावी. त्या महिन्याच्या 3 तारखेला जिओ आणि एअरटेलने आणि 4 तारखेला व्होडाफोन आयडियाने दर वाढवले. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचा अठ्ठावीस दिवसांचा 179 रुपयांचा प्लॅन 199 चा झाला आणि जिओचा 155 चा 189 चा झाला. बीएसएनएलने तेव्हा दर वाढवले नाहीत, म्हणून देशभर अनेकांनी आपले नंबर तिकडे नेले. महिन्याकाठी वीस ते चौतीस रुपयांची ही वाढ म्हणजे मध्यमवर्गाची सरळसरळ लूट आहे, असे आपण छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या कट्ट्यावर, हातातली दुसरी प्लेट संपवता संपवता, ठणकावून सांगितले पाहिजे. त्या संध्याकाळी चौघांच्या खाण्याचे किती झाले हे कोणी विचारू नये आणि विचारलेच तर उत्तर देऊ नये. खाण्याचे खाते आणि रिचार्जचे खाते ही दोन निराळी खाती आहेत व त्यांचा ताळेबंद एकत्र मांडण्याची आपल्यात पद्धत नाही.

यानंतर हिशोब. कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात आणि 199 च्या प्लॅनला 2388 ऐवजी 2587 रुपये पडतात. हा शोध आपणच लावला अशा थाटात तो रोज एकाला तरी सांगावा. मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी 2022 मध्येच प्रत्येक कंपनीला किमान एक पूर्ण तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवायला सांगितले आहे, ही गोष्ट चर्चेत येऊ देऊ नये. तसेच ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅन ठेवणे डिसेंबर 2024 मध्ये बंधनकारक झाले, हेही घरातल्या आजोबांच्या कानी जाऊ नये. आजोबांना दिवसातून दोन फोन करायचे असतात, तरीही त्यांच्या प्लॅनमध्ये रोजचा दीड जीबी डेटा असलाच पाहिजे, कारण तो त्यांच्या हॉटस्पॉटवरून नातू वापरतो. आहे त्याच कंपनीत कमी पैशांचा प्लॅन मिळतो असे एकदा कळले की बदलण्याचे कारणच उरत नाही. कारण उरले नाही तर आपण संध्याकाळी बोलणार कशावर?

नवी कंपनी निवडताना सल्ला अवश्य घ्यावा, पण तो अशा माणसाचा घ्यावा जो आपल्या गल्लीत राहत नाही. पुण्याचे भाऊजी या कामाला उत्तम. त्यांच्याकडे कोथरूडच्या सातव्या मजल्यावर फोर जी कसे सुसाट धावते हे ते तासभर सांगतील आणि आपण मान डोलवावी. टेलिफोनच्या नकाशात महाराष्ट्र हे निराळे परिमंडळ (सर्कल) आहे आणि राज्ये वेगळी होऊन पंचवीस वर्षे झाली तरी मध्य प्रदेश व छत्तीसगड अजून एकाच परिमंडळात नांदत आहेत. पुण्याच्या टॉवरचा इंदूरच्या टॉवरशी संबंध नाही, असली क्षुद्र शंका काढून भाऊजींचा अवमान करू नये. ते जावई आहेत.

रेंजची परीक्षा घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शेजारच्या काकूंकडे त्या स्वस्त कंपनीचा फोन असतोच. तो पाच मिनिटांसाठी मागून आणावा, आपल्या स्वयंपाकघरातून, माजघरातून आणि मागच्या न्हाणीघरापाशी उभे राहून एकेक फोन लावून पाहावा, की सगळ्या प्रश्नाचा निकाल जागच्या जागी लागतो. म्हणूनच ते करायचे नाही. त्याऐवजी कंपनीचा रंगीत नकाशा पाहावा. त्यात अख्खे इंदूर एकाच रंगाने माखलेले असते आणि आपले घर त्या रंगाच्या मधोमध असते. नकाशात भिंती दाखवत नाहीत. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंतींतून सातशे-नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरी कशाबशा आत शिरतात आणि तेवीसशेच्या लहरी ओसरीवरच अडखळतात. कोणत्या कंपनीकडे आपल्या भागात यांपैकी काय चालू आहे, हे विचारणारा माणूस नातेवाइकांत आगाऊ ठरतो. शिवाय एका टॉवरची क्षमता तिथल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. स्वस्त म्हणून आपण गेलो, आपल्यामागोमाग सगळा मोहल्ला गेला, की रोजच रंगपंचमी. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्यावरच्या गर्दीत फोनची जी अवस्था होते, ती मग वर्षभर घरबसल्या अनुभवता येते.

इतकी तयारी झाली की प्रत्यक्ष विधी अगदीच किरकोळ आहे. (खरे सांगायचे तर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची ही सोय, जी नोव्हेंबर 2010 मध्ये हरियाणात सुरू झाली, 20 जानेवारी 2011 पासून देशभर आली आणि जुलै 2015 पासून एका परिमंडळातून दुसऱ्या परिमंडळातही चालू लागली, ही आपल्याकडच्या थोड्या सरळ चालणाऱ्या सोयींपैकी एक आहे. उपरोधाला ती फारसा वाव देत नाही याचे वाईट वाटते.) जो नंबर न्यायचा त्याच नंबरावरून ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द, एक मोकळी जागा आणि आपला दहा आकडी नंबर एवढा एसएमएस 1900 वर पाठवायचा, की आठ अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. रिचार्जमध्ये एसएमएस नाहीत या सबबीवर काहींचे हे एसएमएसही जात नव्हते, तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला की ग्राहकाचा रिचार्ज कितीचाही असो, हा एक एसएमएस गेलाच पाहिजे. आलेला कोड चार दिवस चालतो. पहिले तीन दिवस तो घरातल्या सर्वांना दाखवण्यात घालवावेत आणि चौथ्या दिवशी दुकान बंद असल्याचे पाहून यावे.

यात काही अटीही आहेत. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावे लागतात. पोस्टपेड असेल तर बिल चुकते असावे लागते. सिम हरवून किंवा बिघडून नवे घेतले असेल, तर जुलै 2024 पासून त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही, कारण दुसऱ्याच्या नावाचे सिम काढून तो नंबर पळवणारे भामटे याच वाटेने जात होते. आणि प्रीपेडची उरलेली रक्कम व उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, तिथेच बुडतात. यास्तव वर्षभराचा मोठा रिचार्ज नुकताच केला असेल तो क्षण पोर्टसाठी सर्वोत्तम समजावा. बचतीची रक्कम जितकी लहान तितका त्याग मोठा असला म्हणजे हिशोबाला उठाव येतो.

एसएमएस गेल्यावर जुन्या कंपनीला आपली आठवण होते. आजवर तिने आपल्याला फक्त कॉलर ट्यून विकण्यासाठी फोन केलेला असतो. आता अत्यंत मृदू आवाजात ‘सर, आपल्याला काय त्रास झाला?’ अशी विचारपूस होते आणि केवळ आपल्यासाठी म्हणून एक खास दर पुढे केला जातो. तो दर कोणत्याही जाहिरातीत नसतो. जे ग्राहक वर्षानुवर्षे मुकाट्याने रिचार्ज करत आले त्यांना तो कधीच सांगितला जात नाही, ही या व्यवहारातली एकमेव गोष्ट आहे जिच्यावर खरोखर संतापावे. आपण मात्र नेमके इथे संतापू नये. तो खास दर नव्या कंपनीपेक्षाही कमी असेल, तर तो नाकारताना आवाजात स्वाभिमान असावा. मन बदललेच, तर नव्या कंपनीकडे अर्ज दिल्यापासून चोवीस तासांत 1900 वर रद्द करण्याचा एसएमएसही पाठवता येतो, पण मग भाऊजींना काय तोंड दाखवणार?

सिमसाठी जेल रोडवर जावे. घराजवळच्या चौकात तेच सिम मिळते, परंतु तिथे पार्किंगसाठी भांडावे लागत नाही आणि मग मोहीम केल्यासारखे वाटत नाही. दुकानातला मुलगा आधार कार्ड मागतो, फोन तोंडासमोर धरून ‘अंकल, पलक झपकाओ’ म्हणतो आणि आपण पापण्या मिटत असतानाच फोटो निघतो. ‘हमारे उधर टावर आता है ना?’ असे विचारताच तो डोके वर न काढता ‘भिया, एकदम मक्खन’ असे सांगतो. दुकानाला दर पोर्टमागे कंपनीकडून काही मिळते, हे लक्षात असूनही ते वाक्य लेखी हमीसारखे मनात जपून ठेवावे. त्यानंतर परिमंडळातल्या परिमंडळात तीन कामाचे दिवस आणि बाहेरचे असेल तर पाच, एवढा वेळ लागतो. कोणत्या दिवशी बदल होणार याचा एसएमएस येतो आणि शक्यतो रात्री काही तास फोन मुका होतो. त्या रात्री बँकेचा महत्त्वाचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट किंवा कोणाचे बाळंतपण ठेवावे.

सकाळी नवे सिम घातले, की घरात फेरी मारावी. पुढच्या खोलीत दोन काड्या, जिन्यात तीन, गच्चीवर चार, स्वयंपाकघरात शून्य. इथे खचायचे नाही. ‘पहिले काही दिवस असेच असते, मग सेट होते’ हे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण ते बायकोला, मुलाला आणि बँकेच्या ओटीपीची वाट पाहत जिन्यात उभ्या असलेल्या आजोबांना सांगावे लागणार आहे. ‘आपला संपर्क होऊ शकत नाही’ असे ज्यांना ज्यांना ऐकू येते त्यांना आपण सांगावे की मी मीटिंगमध्ये होतो. निवृत्त माणसांनी पातालपाणीच्या धबधब्याला गेलो होतो असे सांगावे; तिथे रेंज नव्हती यावर इंदुरात कोणीही विश्वास ठेवतो.

मग एखाद्या रविवारी सून फार शांतपणे सुचवते की आपल्या फोनमध्ये दोन सिम बसतात. तिच्या या सूचनेत टोमणा शोधू नये, ती व्यवहारी आहे. दुसरे सिम कोणत्या कंपनीचे घ्यायचे याचा विचार करण्यासाठी पुन्हा भाऊजींना फोन करायचा असेल तर तो गच्चीवरून करावा, पण यावेळी घरात सगळीकडे रेंज येते अशीच कंपनी घ्यायची हे आधीच ठरलेले असते आणि तशी एकच कंपनी असते, जी आपण सोडली. तिच्याकडून नवा नंबर घ्यावा. जेल रोडवर तोच मुलगा पुन्हा पापण्या मिटायला सांगेल. आता दोन रिचार्ज, प्रत्येकी तेरा. त्यांच्या तारखा वेगवेगळ्या ठेवाव्यात म्हणजे महिन्यातून दोनदा लुटीवर बोलता येते. ज्यांचा फोन खरोखर यायला हवा आहे अशा चार-पाच जणांना हा नवा नंबर द्यावा. जुना नंबर बँकेकडे, गॅस एजन्सीकडे आणि लग्नपत्रिका पाठवणाऱ्या नातेवाइकांकडे राहू द्यावा, आणि कोणी विचारलेच तर निःसंकोच सांगावे की तो आपल्याला फार स्वस्तात पडतो.