एक्सेलमध्ये बहिणीचा रकाना नसतो

परवा एका पोरानं मला एक्सेल शीट पाठवली. वय 29, फायनान्स कंपनीत क्रेडिटला, पगार चांगला. सोलापुरात विजापूर रोडला 30 गुंठे बघून ठेवलेत, नोकरी सोडून बिल्डर व्हायचंय. "मालक, एकदा नजर टाका की." शीट देखणी होती. नऊ पानं, रंगीत रकाने, सिमेंट 5 टक्क्यांनी वाढलं तर काय, विक्री सहा महिने लांबली तर काय, सगळं मांडलेलं. परतावा 34 टक्के. जागेचा करार व्हायला धरलेला वेळ: दोन महिने.

मी एवढंच विचारलं, सातबाऱ्यावर नावं किती? म्हणाला, तीन भाऊ. म्हटलं, आणि बहिणी? पोरगा गप्प.

मला हसू आलं नाही. आठेक वर्षांपूर्वी माझीही शीट अशीच होती. त्याआधी 11 वर्षं मी ट्रॅक्टर-टेम्पोच्या लोनमध्ये काढली. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, हप्ता थकला की दारात जाऊन उभं राहायचं. आपल्याला आकडे येतात, म्हणजे हा धंदा जमणार, ही तेव्हाची माझी समजूत. आकडे काय, कुणालाही येतात हो. आमच्या साइटचा मुकादम तंबाखूच्या पुडीवर विटांचा हिशेब करतो आणि माझ्या शीटपेक्षा तो जवळ जातो.

एक शहाणपण मात्र केलं, एकदम उडी मारली नाही. एका जुन्या बिल्डरकडे लागलो, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. पगार निम्म्याहून कमी. सासऱ्यांनी टायवाला जावई बघून पोरगी दिली होती, ते दोन गड्डा यात्रा, म्हणजे दोन वर्षं, माझ्याशी धड बोलले नाहीत.

अण्णांनी मला का घेतलं, तर रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा नवा कायदा. 1 मे 2017 पासून महारेरा, म्हणजे त्याचं राज्यातलं प्राधिकरण, सुरू झालं. जागा 500 चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठच्या वर असले की नोंदणी आली. ग्राहकाकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांचे दाखले. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. एका स्कीमच्या बुकिंगच्या पैशात दुसरी जागा घ्यायची, हे अण्णांच्या पिढीचं गणित तिथंच अडलं. त्यांना कागदाचा राग यायचा. मला कागदाशिवाय दुसरं येत नव्हतं. फायनान्सवाल्याला या धंद्यात शिरायचं दार हेच आहे असं माझं ठाम मत आहे. आपली बचत घेऊन पुढच्या दारानं येऊ नका. दुसऱ्याच्या कागदाचा कंटाळा अंगावर घेऊन मागच्या दारानं या.

आता जागेचं. बिल्डरला जमीन घ्यायला बँक कर्ज देत नाही, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. म्हणजे एक तर स्वतःचे पैसे, नाहीतर जागामालकाबरोबर जॉइंट व्हेंचर, म्हणजे जागा त्याची, बांधकाम आपलं. विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र, दोन्ही रजिस्टर. आपल्याकडचा छोटा बिल्डर म्हणजे फार पैसेवाला माणूस, हा गैरसमज आहे. बऱ्याचदा त्याच्याकडे जागाही नसते आणि पैसाही नसतो. एका घरातल्या सगळ्या माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवून सही केलेली असते, तेवढंच त्याचं भांडवल.

सगळ्या माणसांनी. माझ्या पहिल्या जागेची गोष्ट सांगतो. जुळे सोलापूरच्या पुढं 28 गुंठे, वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर दोन भाऊ. वारस नोंद करताना बहिणीचं नाव घातलंच नव्हतं. आक्का विजापूरला दिलेली. भाऊ म्हणाले, "त्याचं काय एवढं, साडीचोळी करून हक्कसोडवर सही घेऊ." 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला बरोबरीचा हिस्सा दिला, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, तरी आमच्याकडं अजून साडीचोळीचाच भाव चालतो.

मी पाच वेळा विजापूरला गेलो. पहिल्या तीन वेळा आक्कांनी शेंगापोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि जागेचा विषय काढूच दिला नाही. माझ्या मुलांच्या शाळेबद्दल विचारत राहिल्या. चौथ्यांदा मी उठायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "नकाशा आणलाय का?" मी जमिनीवर पसरला. त्यांनी चष्मा लावला, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आप्पांची विहीर हितं हाय. बुजवणार काय?"

नकाशात तिथं आठ गाड्यांचं पार्किंग होतं. माझ्या कुठल्याच रकान्यात विहीर नव्हती.

आर्किटेक्टनं कुरकुर केली, पण पार्किंग फिरवलं. पाचव्या खेपेला मी हक्कसोडपत्र नेलंच नाही. करारात आक्कांना जागामालक म्हणून घेतलं, त्यांच्या नावानं एक फ्लॅट लिहिला. 2017 पासून अशा करारात जागामालकाला भांडवली नफ्याचा टॅक्स करार केल्याच्या वर्षी नाही, पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो, हेही कागदावर मांडून दाखवलं. भाऊ दोन महिने फुगून बसले. सगळं धरून 11 महिने गेले, आणि त्या 11 महिन्यांत माझं उत्पन्न शून्य.

पगारदार माणूस इथंच मोडतो. त्याला 1 तारखेची सवय असते. मला अण्णांकडचा अर्धा पगारही सोडावा लागला होता, घर बायकोच्या शाळेच्या नोकरीवर चाललं. ती नसती तर ही पोस्ट नसती.

बाकीचे धक्के त्यामानानं किरकोळ. पाया खणताना काळी माती संपेचना. अंदाजपत्रकात मुरूम 5 फुटांवर धरला होता, लागला 9 वर. आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये मी इटालियन टाइल्स दाखवत होतो, तर पहिल्याच ग्राहकानं विचारलं, "खालची टाकी किती लिटरची?" बरोबर आहे त्याचं. तेव्हा कधी चार, कधी पाच दिवसांआड पाणी यायचं, अशा गावात टाकी आधी, टाइल्स मग. पुढं विहिरीवर मोटार बसवली आणि ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर विहिरीचाच फोटो टाकला. आक्कांना अजून वाटतं ते मी त्यांच्यासाठी केलं.

वसुलीच्या 11 वर्षांचा उपयोग झाला का? झाला. दारात उभं राहिल्यावर आतला माणूस खोटं बोलतोय की लाजतोय, हे कळतं. आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा, काढायला मी शिकलो होतो, तो मात्र पहिल्या जागेवर किती पडला हे मी आजवर काढलेलं नाही. हिंमत होत नाही.

त्या पोराला मी शीटबद्दल काही लिहिलं नाही. सोमवारी एका जागेची हद्द कायम मोजणी आहे, लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्यात, त्यातला एक बांधावरून भांडणार हे नक्की. सकाळी आठला ये म्हटलं, टोपी घाल, पाण्याची बाटली आण, आणि दिवसभर काही बोलू नकोस, नुसतं बघ. निळ्या टिका पडल्यात. उत्तर अजून नाही.