मामांचे शटर

आज सायंकाळी दक्षिण मुंबईतील एका कलादालनात घडलेला प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहीत आहे. तिथे माझ्या मामांच्या अमूर्त चित्रांचे प्रदर्शन सुरू आहे. एका गृहस्थांनी मोठ्या कॅनव्हासवर ओझरती नजर टाकली, माहितीपत्रकातील 'एकतीस वर्षे लोहार चाळीत विजेच्या सामानाचा व्यवसाय' ही ओळ वाचली आणि मामांच्या देखत म्हणाले, "छान! निवृत्तीनंतर मन रमवायला काहीतरी हवेच." मामांनी नमस्कार केला आणि ते बाजूला झाले. माझा संताप मात्र अजून शमलेला नाही.

ते चित्र दुकानाच्या शटरचे आहे, जरी त्यात शटर कुठेही दिसत नाही. मी ते लहानपणापासून पाहिले आहे. हातगाड्यांचे धक्के बसून त्याच्या खालच्या कोपऱ्यातले रंगाचे पोपडे उडाले होते आणि हिरव्याखाली राखाडी, राखाडीखाली तांबडा असे थर उघडे पडले होते. माल यायला उशीर झाला की मामा पायरीवर बसून त्या कोपऱ्याकडे पाहत राहायचे आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने काहीतरी रेखाटायचे. आता ते कॅनव्हासवर थरावर थर चढवतात आणि पॅलेट नाइफने खरवडून तळाचा तांबडा वर आणतात. याला मन रमवणे म्हणायचे?

पॅरिसमध्ये मद्याचा घाऊक व्यापार करणारे फ्रेंच चित्रकार ज्याँ द्युब्युफे यांनी १९४२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, धंदा सोडला आणि मेट्रोतले प्रवासी, शहराच्या भिंती यांची चित्रे काढायला घेतली. १९४६ च्या प्रदर्शनात त्यांची डांबर, वाळू आणि खडी थापलेली चित्रे पाहून लोक खवळले होते. आपल्याकडे चित्रकार रामकुमार यांनी १९४८ मध्ये बँकेची नोकरी सोडली. पुढे वाराणसी पाहिल्यावर त्यांच्या चित्रांतून माणसे नाहीशी झाली आणि घाट व घरांची दाटी हळूहळू नुसत्या रंगाकारांत विरत गेली. यांना कोणी हौशी म्हणेल का? या दोघांनी आधी चित्रकलेचे थोडेफार शिक्षण घेतले होते आणि मामांनी ते घेतलेले नाही, हे मान्य. मामांच्या गाठीशी धंद्यातला पैसा आहे, हेही मान्य. पण एकतीस वर्षे रोज सकाळी तेच शटर वर करणाऱ्या माणसाने त्या रस्त्याकडे जितके पाहिले, तितके आपण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कधी पाहिले आहे?

परतताना टॅक्सीत मी विचारले, "मामा, वाईट वाटले का हो?" ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक आत आले, हे काय कमी आहे?" मग त्यांनी टॅक्सी लोहार चाळीच्या तोंडाशी थांबवायला सांगितली. नव्या मालकाने शटर निळे केले आहे. मामा त्या कोपऱ्याशी वाकले, नखाने निळा रंग जरासा खरवडला आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "बघ, तांबडा अजून आहे."