एक चमचा कमी, चार दिवसांत एक उपास: 'आजीच्या यादी'ला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांत सध्या 'आजीची यादी' नावाचा एक लांबलचक निरोप फिरतो आहे. रामबागेतल्या मावशीकडून राजेंद्रनगरच्या आत्याकडे, तिथून पुण्यातल्या नणंदेकडे आणि पुन्हा इंदुरात. बाळाच्या पहिल्या वर्षात काय घ्यावं, काय घेऊ नये, काय पाजावं, याचे त्यात नऊ मुद्दे आहेत आणि शेवटी 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा' अशी विनंती. आमच्या घरातल्या ओल्या बाळंतिणीच्या फोनवर तो तीन दिवसांत चार जणींकडून आला, आणि चौथ्या दिवशी बाळाच्या डब्याच्या दुधातला पावडरीचा एक चमचा कमी झाला. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

यादीचा पहिला मुद्दा असा: 'दुकानदारांच्या नादी लागू नका, आपली मुलं यातल्या निम्म्या वस्तूंशिवायच वाढली.' हे बरंचसं खरं आहे, मान्य करावं लागतं. बाटली गरम करायचं यंत्र लागत नाही, वाडगाभर गरम पाणी पुरतं. विजेवरचं वाफेचं यंत्र सोयीचं असलं तरी झाकणाचं मोठं पातेलं तेच काम करतं. नवजात बाळाला बूट तर नकोतच. ज्या बाळाला अंगावरचं दूध नीट मिळतं त्याच्यासाठी सुरुवातीला बाटलीही घ्यावी लागत नाही. इतकं शहाणपण सांगून निरोप थांबला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

पण दुसरा मुद्दा वाचा. 'आपल्याकडच्या उन्हाळ्यात डब्याचं दूध बाळाला पचत नाही, गरम पडतं. म्हणून डब्यावर चार चमचे लिहिले असतील तर तीनच घाला. आणि दोन महिने झाले की मधूनमधून उकळलेलं पाणी पाजा.'

नऊही मुद्द्यांत सगळ्यात घातक हाच, कारण तो दिसतो मायेचा.

आधी हिशोब करू. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, म्हणजे 120 मिलीला चार. तुम्ही तीन घातलेत तर दर वेळी चौथा हिस्सा गेला. सहा वेळा दूध घेणाऱ्या बाळाच्या पोटात दिवसाला 24 चमच्यांऐवजी 18 जातात. म्हणजे दर चार दिवसांत एक पूर्ण दिवस बाळ उपाशी. आणि हा उपास कुणाला कळत नाही, कारण बाटली तर प्रत्येक वेळी रिकामी होते. पोट पाण्याने भरलेलं असतं, बाळ झोपतं, घरातले म्हणतात, 'बघा, आता कसं पचतंय.'

भूक हा त्यातला निम्माच धोका. लहान बाळाच्या मूत्रपिंडांना जादा पाणी भराभर बाहेर टाकता येत नाही. पाणी साचलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बाळ आधी सुस्त होतं, मग दूध ओढेनासं होतं, आणि सोडियम फार खाली गेलं तर झटके येतात. उलट चूकही तितकीच वाईट. 'बाळ अंग धरत नाही' म्हणून एक चमचा वाढवला किंवा शीग लावून भरला, तर तहान, घट्ट शी आणि अंगातलं पाणी कमी होणं. चमचा आणि पाणी यांचं प्रमाण तब्येतीवर किंवा ऋतूवर ठरत नाही. ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं. चमचाही त्याच डब्यातला घ्यायचा, कारण एका कंपनीचा 30 मिलीचा तर दुसरीचा 60 मिलीचा असू शकतो.

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात इंदूरचा पारा 42 वर जातो हे खरं. पण आईच्या दुधात शंभरातले 87-88 भाग पाणीच असतं, आणि पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध तर आणखी पातळ. ते तहान भागवण्याचंच काम करतं. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि वरचं पाणी अजिबात नाही, हे उष्ण प्रदेशांनाही लागू आहे. उकाड्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेव्हा जास्त वेळा पाजा. पाणी आईने प्यायचं. नीट मिसळलेल्या डब्याच्या दुधातही लागेल तेवढं पाणी असतंच. खात्री करायची असेल तर लंगोट मोजा. पहिला आठवडा सरल्यावर 24 तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि फिकट लघवी असेल, तर बाळाला पाणी पुरतं आहे. सहा महिन्यांनी घास सुरू झाले की उकळून निववलेल्या पाण्याचे घोट वाटीने द्या, तेही जेवणाबरोबर.

डब्याचं दूध पचत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे बहुतेक वेळा बिघाड दुधात नसतो. तो ते बनवण्याच्या रीतीत असतो. ही पावडर निर्जंतुक नसते, हे कुणी सांगत नाही. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली अन्न व कृषी संघटनेच्या साथीने काढलेली मार्गदर्शिका याचसाठी आहे, आणि तिचा गाभा एका आकड्यात आहे: पावडर मिसळताना पाणी 70 अंशांच्या खाली गेलेलं नसावं. अनेक डब्यांवर 'कोमट' लिहिलेलं असतं. कोमट पाण्यात पावडर विरघळते, जंतू मरत नाहीत. (काही डब्यांत मुद्दाम घातलेले उपयोगी जिवाणू असतात, ते गरम पाण्यात मरतात. तसा डबा असेल आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी दिवसांचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.)

रीत अशी. निदान एक लिटर पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. पेलाभरच उकळलं तर ते फार लवकर निवतं, म्हणून लिटर. बाटलीत आधी पाणी ओता, बाटली ओट्यावर सपाट ठेवा, डोळे रेघेच्या पातळीवर आणा आणि मग माप वाचा. हातात धरून वाचलं की हमखास चुकतं. त्यानंतर पावडर. आधी पावडर टाकून रेघेपर्यंत पाणी भरलं तर दूध दाट होतं. चमचा दाबून भरायचा नाही, कोरड्या सुरीच्या पाठीने सपाट करायचा. मिसळलं की बाटली गार पाण्याच्या वाडग्यात धरा, पाणी झाकणाच्या रिंगेच्या खाली ठेवा, आणि मनगटावर थेंब टाकून बघा. बाळाने उष्टं केलेलं दूध ठेवायचं नाही. न उष्टावलेलंही दोन तासांनंतर टाकून द्यायचं. 'थोडंच तर राहिलंय, पुढच्या वेळी देऊ' हे आपल्याकडच्या मे महिन्यात सगळ्यात महागात पडतं. बाहेर जाताना तयार दूध नेऊ नका. थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर घ्या, पाजायच्या वेळी मिसळा.

तिसरा मुद्दा बोंडल्याचा, म्हणजे बाळाला दूध पाजायच्या चोचीच्या वाटीचा. 'चांदीत जंतू टिकत नाहीत, म्हणून चांदीचं बोंडलं उकळावं लागत नाही.' चांदीचा जंतूंवर परिणाम होतो, इतकं खरं आहे. पण तो दुधाच्या साक्याखाली बसलेल्या जंतूंपर्यंत पोचत नाही. बोंडल्याची चोच हातात घेऊन उजेडाकडे धरा. चोच जिथे वाटीला जोडलेली असते तिथे आत एक पांढुरकी कड दिसते. तो वाळलेल्या दुधाचा थर. बोट तिथे जात नाही, फडकं जात नाही. त्यात बोंडलं काळं पडलं म्हणून दंतमंजन चोळतात, त्याची भुकटीही त्याच सांध्यात बसते. वापरायचंच असेल तर पाजून झाल्याबरोबर धुवा, बारीक ब्रश चोचीतून आरपार फिरवा, मग पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात 10 मिनिटं उकळा. चोचीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग उकळतच नाही, म्हणून ते पाण्याखाली एकदा तिरकं करून घ्यायचं. बाटली, निपल, रिंग यांचंही हेच, आणि सगळे भाग सुटे करून.

बोंडल्याचा दुसरा दोष पाजण्याच्या पद्धतीत आहे. बाळाला मांडीवर आडवं टाकून चोच तोंडात घालतात आणि ओततात. किती गिळायचं हे मग बाळ ठरवत नाही, ओतणारा हात ठरवतो. ठसका तिथेच लागतो. बर्तन बाजारात मिळणारी स्टीलची साधी, उघड्या तोंडाची छोटी वाटी त्यापेक्षा कितीतरी बरी. बाळाला जवळजवळ बसतं धरा, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं करा आणि थांबा. बाळ जिभेने स्वतः घेतं.

बाटली घ्यावीच लागली तर त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस 14625 हा क्रमांक बघा. प्लास्टिकच्या दूधबाटल्यांचं ते भारतीय मानक आहे. हातगाडीवरच्या रंगीत, कार्टून छापलेल्या बिनखुणेच्या बाटल्या घेऊ नका. आणि कुणी डब्यावर सूट किंवा फुकट नमुना देत असेल तर तो गुन्हा आहे. 1992 च्या शिशु दुग्ध पर्याय कायद्याने, 2003 च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात, सूट, नमुने हे सगळं बंद केलेलं आहे.

मध. 'जिभेवर मध फिरवा, बोबडं बोलणार नाही.' वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. त्यातल्या बॉट्युलिझमच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात: आधी बद्धकोष्ठ, मग बारीक रडणं, दूध ओढता न येणं, मान टाकणं. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. गुटीबद्दल वाद घालत बसत नाही. सहा महिन्यांच्या आत ती नको, आणि त्यातल्या जायफळाने बाळ 'शांत' झोपतं तेव्हा ती गुंगी असते.

राईची उशी: नको. बाळाला झोपवायचं ते उताणं, सपाट, घट्ट गादीवर, उशी आणि दुलईशिवाय. डोक्याचा आकार जागेपणी पालथं खेळवल्याने सुधारतो.

वॉकर 'सहाव्या महिन्यापासून, म्हणजे लवकर चालेल'. वॉकरने चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं, कारण बाळ चवड्यांनी ढकलायला शिकतं आणि तोल सांभाळायला शिकत नाही. जिन्यावरून पडणं, ओट्यावरचा चहा ओढून अंगावर घेणं हे वेगळंच. कॅनडाने 2004 साली वॉकरची विक्रीच बंद केली. तेवढ्या पैशांत एक जाड सतरंजी आणा आणि बाळाला जमिनीवर सोडा.

गाडीतल्या बाळखुर्चीला निरोपात 'परदेशी थेरं' म्हटलंय, 'आईच्या मांडीइतकं सुरक्षित काही नाही'. 40 च्या वेगाने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 5 किलोचं बाळ हातांना सुमारे 55 किलोचं लागतं. तेही बेसावध असताना. कुठल्याच आईला ते धरता येणार नाही. खुर्ची मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, आणि पट्ट्याची चिमटीत घडी येणार नाही इतके घट्ट. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच लावायची नाही. विकत घेण्याआधी दुकानदाराला ती तुमच्याच गाडीत बसवून दाखवायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या 194ब कलमाखाली मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल तर 1000 रुपये दंड आहे. पहिल्या वर्षातली खरोखर महाग आणि खरोखर लागणारी वस्तू हीच, आणि यादीने नेमकी हीच खोडली.

सहाव्या महिन्यापासून 'डाळीचं वरचं पाणी आणि पेज'. महिना बरोबर, पदार्थ चुकला. पाण्यात डाळ नसते. तळाची डाळ, मऊ भात, वर चमचाभर तूप, सगळं कुस्करून इतकं दाट की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा, पुढे अर्धी वाटी.

निरोप वाचून कुणी आधीच पातळ दूध किंवा पाणी देत असेल, तर पुढच्याच बाटलीपासून डब्यावरचं प्रमाण धरा. मागची कसर भरून काढायला चमचा वाढवू नका. त्याच आठवड्यात बाळाचं वजन करून घ्या. बाळ उठवूनही नीट उठत नसेल, दूध ओढत नसेल, सात-आठ तास लंगोट कोरडा असेल किंवा हातपाय झटकत असेल, तर वजनाची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. जाताना डबा, त्यातला चमचा आणि बाटली सोबत घ्या. दूध कसं मिसळलं जात होतं हे डॉक्टरांना त्याशिवाय कळत नाही.