झांबिया, चीन आणि सापळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा की झांबियावरच्या लेखात मी चीनची वकिली केली. चीन गरीब देशांना मुद्दाम कर्जात बुडवतो आणि मग त्यांची मालमत्ता गिळतो, हे मी लिहायचं टाळलं. टाळलं, कारण झांबियात तसं घडलेलं नाही. झेस्को ही वीज कंपनी आणि लुसाकाचा विमानतळ चीनच्या घशात जाणार, अशी आवई २०१८ मध्ये उठली होती. दोन्ही आजही झांबियाकडेच आहेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये ज्या हप्त्यावरून देश थकबाकीदार ठरला, तो युरोबाँडच्या, म्हणजे परदेशी बाजारात डॉलरमध्ये विकलेल्या सरकारी रोख्यांच्या, व्याजाचा होता. ४.२५ कोटी डॉलर. २०१२ ते २०१५ या काळात तीनदा रोखे काढून सरकारने ३ अब्ज डॉलर उचलले होते. तेही पाश्चात्त्य गुंतवणूकदारांकडून, बीजिंगकडून नव्हे.

चीनवर बोट ठेवायचंच तर ते गुप्ततेवर ठेवा. झांबियाने रोखेधारकांकडे मुदत मागितली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. आम्ही थांबायचं आणि वाचलेला पैसा चिनी बँकांना जायचा, ही त्यांची शंका. चिनी कर्जांच्या अटीच उघड नसल्याने ती शंका फिटणार कशी? पुढे इतर देशांच्या सरकारांकडून घेतलेल्या ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जांच्या फेररचनेवर तत्त्वतः एकमत व्हायला जून २०२३ उजाडलं. त्यातले ४ अब्जांहून अधिक एकट्या चीनचे, आणि कर्ज देणाऱ्या देशांच्या समितीचं सहअध्यक्षपदही फ्रान्सबरोबर चीनकडेच!

झांबियाला टांझानियाशी जोडणाऱ्या ताझारा रेल्वेला तुम्ही 'गळाला लावलेलं आमिष' म्हणता. ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिंबाब्वेतल्या) गोऱ्या राजवटीमुळे झांबियाच्या तांब्याचा दक्षिणेकडचा रस्ता धोक्यात आला होता. जागतिक बँकेने नकार दिला. तेव्हा स्वतः गरीब असलेल्या चीनने बिनव्याजी कर्ज देऊन टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरापर्यंतचा सुमारे १,८६० किलोमीटरचा मार्ग १९७५ पर्यंत बांधून दिला. यात माओचं राजकारण होतंच, पण झांबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कौंडा यांना दुसरं कोण दार उघडत होतं? शिवाय झांबियाही हातपाय बांधून बसलेला नाही. राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांच्या सरकारने २०२२ मध्ये, मंजूर होऊनही न उचललेली अंदाजे २ अब्ज डॉलरची कर्जं रद्द केली. त्यात बहुतेक चिनी होती.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, 'भारतीय असं कधीच करणार नाहीत.' वेदांता ही खासगी कंपनी, भारत सरकार नव्हे, हे मान्य. पण तिच्या झांबियातल्या चिंगोलाच्या तांब्याच्या खाणीने पाणी नासवल्याची तक्रार घेऊन तिथले गावकरी लंडनच्या कोर्टात गेले. खटला ब्रिटनमध्ये चालू शकतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. पुढचा लेख त्यावरच आहे. तेव्हाही असंच खरमरीत लिहा.